मामा, सीआरओ चालत नाहीये!

(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)

आपल्या डिपार्टमेंटमध्ये रोज सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, अशी पैज लागली तर मी डोळे मिटून वरच्या शीर्षकावर पैसे लावीन. 'जर्नल दे ना' दुसरं आणि 'मेसला आज काय आहे?' तिसरं. हे पहिलं वाक्य जरा तपासून बघावं असं फार दिवस मनात होतं. मराठी विभागाच्या संपादकांनी 'काहीही लिही, पण कविता नको' असं बजावल्यामुळे आज योग आला. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी रूममेटवर आहे. तक्रारी तिच्याकडे.)

प्रॅक्टिकलच्या टेबलावर आपण चौघं असतो. एक जण सर्किट जोडतो, एक जण रीडिंग 'घेतो' (कुठून घेतो ते सर्वांना ठाऊक आहे), एक जण मोबाइल बघतो. पडद्यावर काही उमटलं नाही की चौथा मान वळवून हाक मारतो, "मामा!" मामा येतात. प्रोबची वायर दोन बोटांत धरून टोकापासून थोडी थोडी वाकवत जातात. एका जागी पडद्यावरची रेघ थरथरते. "इथं तुटलीय आतून." दुसरी प्रोब ठेवतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. झालं! सगळं मिळून अर्धं मिनिट. आपण 'थँक्यू मामा' म्हणतो आणि साइन वेव्हचा फोटो काढतो.

आता गंमत बघा. त्याच लॅबमध्ये आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असलेला एखादा एमई झालेला दादा शिकवायला येतो, त्याला आपण पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणतो. मामा इलेक्ट्रॉनिक्सचे डिप्लोमाहोल्डर, पंचवीस-तीस वर्षं याच लॅबमध्ये, पण ते मामा. मामा शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. आईच्या भावाइतका लाडका माणूस दुसरा कोण असतो? तक्रार ही आहे की ज्याला आपण मामा म्हणतो त्याला आपण कधी काही *विचारत* नाही. त्याला फक्त काही तरी करायला सांगतो. प्रश्न सरांना, कामं मामांना.

एक प्रसंग सांगते. आमच्या टेबलावरचा पॉवर सप्लाय नुसता चालू केला की शहाण्यासारखा बारा व्होल्ट दाखवायचा आणि सर्किट जोडलं की मान टाकायचा. चौघांची चार मतं होती. मामांनी सप्लाय बंद केला, पिन काढली, झाकण उघडलं आणि आधी नुसतं बघितलं. मग वास घेतला. हो, वास! जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा, तापलेल्या रेझिस्टरचा आणि फुटलेल्या कपॅसिटरचा वास वेगवेगळा असतो म्हणे. तसलं काही नव्हतं. मग त्यांनी लोड लावून सप्लाय परत चालू केला, फिल्टर कपॅसिटरवर प्रोब लावली, सीआरओचं बटण पाच मिलिसेकंदावर आणलं आणि मला म्हणाले, "घरं मोज."

"कसली घरं?"

"पडद्यावरची. एक लाट किती घरांत बसतीय? दोन का चार?"

चार होती. "मग कपॅसिटर चांगला आहे. डायोड बघू," असं म्हणून त्यांनी सप्लाय बंद केला, एका रेझिस्टरने कपॅसिटर रिकामा करून घेतला आणि चार डायोडपैकी तिसऱ्याचा पाय चिमट्याने हलवला. पायाभोवतीच्या कथलाला केसाएवढी गोल चीर पडली होती. डायोड वर्षानुवर्षं तापतो, निवतो, परत तापतो; शेवटी सांधा सुटतो. जुनं कथील काढून नवं लावलं आणि सप्लाय ताठ उभा राहिला.

आता यात काय झालं ते पाहू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून रिपल १०० हर्ट्झचा, म्हणजे एक लाट १० मिलिसेकंदांची. पाच मिलिसेकंदाला एक घर, तर दोन घरं. चार घरं दिसली म्हणजे लाट २० मिलिसेकंदांची, रिपल ५० हर्ट्झचा, एक अर्धी लाट गायब, म्हणजे ब्रिजचा एखादा डायोड कामातून गेलेला किंवा सुटलेला. घरं दोनच असती आणि लाट मात्र उंच असती, तर संशय वाळलेल्या कपॅसिटरवर. आणि लोडशिवाय सगळं ठीक का दिसत होतं? कारण करंट काढणारं कुणी नसेल तर कपॅसिटर अर्ध्या लाटेवरही भरलेलाच राहतो.

'फुल वेव्ह रेक्टिफायरची रिपल फ्रिक्वेन्सी किती?' या व्हायव्हाच्या प्रश्नाला वर्गातली झोपाळू मुलंसुद्धा 'ट्वाइस द इनपुट' असं उत्तर देतात. त्या उत्तराला मार्क आहेत. ते उत्तर कशासाठी वापरायचं असतं, हे विचारायला मात्र व्हायव्हा घेणाऱ्यांना सवड नसते. मामांनी ते एका प्रश्नात विचारलं: दोन का चार?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे *डोक्याचं* काम आहे. आपण त्याला हाताचं काम म्हणतो कारण शेवटी हातात सोल्डरिंग आयर्न दिसतं. डॉक्टरच्या हातातही स्टेथोस्कोप असतोच की. लक्षण बघायचं, चार शक्यता मनात मांडायच्या, एकाच मापात त्यातल्या दोन बाद होतील असं माप निवडायचं, मग उरलेल्या दोनांत परत तेच. डिझाइन करणारा कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो. तंत्रज्ञाला दुसऱ्या कुणीतरी केलेलं, कधी नकाशा हरवलेलं, अर्धं चालणारं यंत्र मिळतं आणि त्याच्या मनातलं ओळखायचं असतं. दोन्ही अवघड आहेत. पण एकाला आपण 'टॅलेंट' म्हणतो आणि दुसऱ्याला 'सवय'.

'तंत्रज्ञ' हा शब्द मला रूममेटने शिकवला. टेक्निशियनला मराठीत काय म्हणतात विचारलं, तर ती म्हणाली तंत्रज्ञ. शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ. दोघांच्या शेवटी तोच 'ज्ञ', जाणणारा! मला तर इंग्रजीपेक्षा हा शब्द फारच मानाचा वाटला. (आपल्या ब्रँचला शासकीय मराठीत 'अणुविद्युत' म्हणतात हेही तिनेच सांगितलं. आपण अणुबॉम्ब बनवतो असं आजीला वाटू नये म्हणून हे मी घरी सांगितलेलं नाही.) शब्द मानाचा असला तरी वागणूक काय, हे लॅबमध्ये दिसतंच. कागदावर काम करणारा वर आणि वस्तूला हात लावणारा खाली, ही उतरंड आपल्या समाजात फार जुनी आहे. ती कुठून आली हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलं आहे. कॉलेजच्या गेटवर ती आपोआप थांबते असं मानायला काही आधार नाही.

आता शिड्यांकडे बघू. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा. दहावीनंतरच डिप्लोमा तीन वर्षांचा. बारावीनंतर आपली डिग्री चार वर्षांची. इस्रोच्या जाहिराती काढून पाहा: दहावी अधिक आयटीआयवाल्यांना 'टेक्निशियन-बी', डिप्लोमावाल्यांना 'टेक्निकल असिस्टंट', डिग्रीवाल्यांना 'सायंटिस्ट/इंजिनिअर'. तिन्ही जागा एकाच संस्थेत, कारण तिघांशिवाय काम होत नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरताना आपण सगळे टीव्हीसमोर होतो. टाळ्या वाजवताना त्या यानातला एकेक सांधा, एकेक कनेक्टर कुणाच्या तरी हातांनी जोडून, तपासून, कागदावर नोंदवून पुढे गेला असेल हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात आलं?

या शिडीवरचे काही जण आपल्याच हॉस्टेलमध्ये राहतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलंमुली. त्यांना आपण 'डीएसईवाले' म्हणतो आणि एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री त्यांची कीव करतो, कारण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी आपल्यासारखं केलेलं नसतं. पण मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री? तेव्हा त्यांच्या रूमबाहेर रांग लागते! माझी विंगमधली मैत्रीण मराठवाड्यातल्या एका पॉलिटेक्निकमधून आली आहे. डिप्लोमाला त्यांना इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीचा विषयच होता. तिच्या रूममध्ये अख्ख्या मजल्याची इंडक्शन, एमर्जन्सी लाइट आणि चार्जर बरे व्हायला येतात. मी एकदा तिला विचारलं, "तुला सुरुवात कुठून करायची ते कळतं कसं?" ती म्हणाली, "कळत नसतंय गं. आधी चालतंय काय ते बघायचं. जिथपर्यंत चालतंय तिथपर्यंत सोडून द्यायचं."

मला वाटतं, चार सेमिस्टरच्या लॅबमध्ये मी ऐकलेलं हे सर्वांत कामाचं वाक्य. आणि क्लास टेस्टला ती काठावर पास झाली म्हणून तिला 'वीक स्टुडंट'च्या यादीत टाकलं आहे.

यावर आमच्या ग्रुपमधल्या एकाचा आक्षेप असा: मग काय, थिअरी सोडून सगळ्यांनी पान्हे-पक्कड घेऊन बसायचं? तसं असतं तर आयटीआयलाच गेलो नसतो का? प्रश्न चुकीचा नाही. थिअरी नसलेला दुरुस्तीवाला कसा असतो तेही आपण बाजारात पाहतो. तो बिघाड शोधतच नाही, बोर्डच्या बोर्ड बदलतो आणि बिल हातात देतो. बदललेला भाग परत महिनाभरात उडतो, कारण तो का उडाला होता हे बघितलेलंच नसतं. शिवाय आता सगळं एसएमडी झालं आहे. तांदळाच्या कणीपेक्षा लहान रेझिस्टर आणि पाय पोटाखाली लपवलेल्या आयसी. त्यासाठी हॉट एअर लागते, सूक्ष्मदर्शक लागतो. युरोपात १ जुलै २००६ पासून शिसं असलेल्या कथलावर बंधनं आली आणि जगभरच्या कारखान्यांत शिसंविरहित कथील रुळलं. जुनं ६३-३७ कथील १८३ अंशांना वितळायचं, नवं साधारण २१७ च्या पुढे. म्हणजे आज टेक्निशियनलासुद्धा धातुशास्त्र थोडं कळलं पाहिजे. माझा मुद्दा उलट्या दिशेने आहे. त्याला थिअरी लागते हे सगळे मानतात. आपल्याला त्याचं ज्ञान लागतं हे कुणी मानत नाही.

आपण सगळे मिनी प्रोजेक्टला एलटीस्पाइस वापरतो. त्यातलं एलटी म्हणजे लिनियर टेक्नॉलॉजी. ही कंपनी २०१७ मध्ये ॲनालॉग डिव्हाइसेसमध्ये विलीन झाली. तिथे १९८२ पासून २०११ मध्ये वारेपर्यंत जिम विल्यम्स नावाचे एक गृहस्थ काम करत. ॲनालॉग सर्किटच्या क्षेत्रात त्यांच्या ॲप्लिकेशन नोट्स लोक पोथीसारख्या वाचतात. या माणसाकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. आधीची दहाएक वर्षं त्यांनी एमआयटीच्या प्रयोगशाळांत काढली आणि जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करणं हा त्यांचा आयुष्यभराचा छंद होता. ते गेल्यावर त्यांचं कामाचं टेबल, वायरी, प्रोब आणि पसाऱ्यासकट, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये मांडलं गेलं. त्यांच्याच काळातले दुसरे, बॉब पीझ. यांच्याकडे मात्र एमआयटीची पदवी होती. त्यांनी १९९१ मध्ये 'ट्रबलशूटिंग ॲनालॉग सर्किट्स' हे अख्खं पुस्तक फक्त बिघाड कसा शोधावा यावर लिहिलं. तिकडे पदवी नसलेला माणूस डिझाइनचा गुरू झाला आणि पदवीवाल्याला दुरुस्तीवर लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे पहिला माणूस रजिस्टरवर 'लॅब असिस्टंट' म्हणून निवृत्त झाला असता.

इतकं लांब जायचीही गरज नाही. पावसाळ्यात मुंबईची लोकल थांबते आणि घोषणा होते: 'तांत्रिक बिघाड'. रुळांच्या एका तुकड्यातून बारीक करंट सोडलेला असतो आणि तो पलीकडच्या रिलेपर्यंत पोचला तरच रूळ मोकळा आहे असं सिग्नलला कळतं. पाणी तुंबलं की करंट खडीतून गळतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. गाडी नसतानाही लाल! रचना मुद्दामच अशी आहे. बिघाड झालाच तर तो थांबवणाऱ्या बाजूने व्हावा. सुंदर डिझाइन, परीक्षेत लिहायला एकदम छान. पण त्या क्षणी लाखो लोक खोळंबलेले असतात आणि गुडघाभर पाण्यात मीटर घेऊन रुळांवरून चालणारा सिग्नल मेंटेनर ही एकच व्यक्ती उपयोगाची असते. किंवा नारायणगावजवळचं खोडद घ्या. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला आपल्यातले कितीतरी जण जीएमआरटी बघायला जातात. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, उन्हापावसात उघड्यावर. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये डिशसमोरचा फोटो आहे. त्या डिशच्या डोक्याशी बसवलेला ॲम्प्लिफायर बिघडला तर तो खाली कोण आणतं, हा प्रश्न आमच्या बसमध्ये एकानेही विचारला नाही.

मग मुलं या कामाकडे का वळत नाहीत? लाजेपेक्षा सरळ कारण आहे: पगार. टेक्निशियनची भरती बहुतेक ठिकाणी कंत्राटावर असते, वीस वर्षांच्या अनुभवाला कोणी श्रेणी देत नाही आणि लग्नाच्या बाजारात (हे मी माझ्या मावशीच्या तोंडून ऐकलेलं) 'मुलगा इंजिनिअर आहे' आणि 'मुलगा टेक्निशियन आहे' यांत दोन मजल्यांचं अंतर असतं. मुलगी टेक्निशियन असू शकते हे तर मावशीच्या कल्पनेतही नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भरतकामाचा तास असायचा. सिस्टर उलटी बाजू बघायच्या, गाठी दिसल्या की उसवायला लावायच्या. सोल्डरिंगला नेमकी तीच बोटं आणि तोच डोळा लागतो. मामांनी माझा पहिला सांधा बघून विचारलं होतं, "शिवणकाम येतं का?" (जाता जाता: सोल्डरिंगचा धूर शिशाचा नसतो, फ्लक्सचा असतो; तोही छातीत घेऊ नयेच. आणि शिसं हाताला लागतं, म्हणून वडापावाआधी हात धुवा.)

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे मामा गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो झाला. जागा भरलेली नाही. आता वार्षिक देखभालीचं कंत्राट आहे आणि कंत्राटाचा माणूस फोन केल्यावर तीन आठवड्यांनी येतो. बारा टेबलांपैकी चार टेबलांवर 'आउट ऑफ ऑर्डर'च्या चिठ्ठ्या आहेत. मामा असताना सप्लायच्या जाळीवर ठेवलेली आपली जर्नलं ते रोज न बोलता उचलून बाजूला ठेवायचे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ठोकताळा त्यांच्या हातात होता. आता जर्नलं दिवसभर जाळीवरच असतात. जूनपासून दोन सप्लाय गेले.

म्हणून आम्ही काही जणांनी एक अर्ज तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. लॅब टेक्निशियनची जागा भरावी, आणि ती कायम स्वरूपाची असावी. दर सेमिस्टरला प्रत्येक लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असं असावं की सर्किट जोडलेलं मिळेल, त्यात मुद्दाम एक बिघाड ठेवलेला असेल आणि जर्नलमध्ये रीडिंगऐवजी तो कसा शोधला ते लिहायचं. (हे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता येणार नाही, हा दोष आम्ही मान्य करतो.) तिसरी मागणी स्टाफरूममध्ये थोडी खटकेल याची कल्पना आहे: तो बिघाड टेक्निशियनने ठेवावा आणि त्या प्रॅक्टिकलचे मार्कही त्यानेच द्यावेत. एका सरांनी वाचून 'नियमात बसतं का ते बघावं लागेल' असं सांगितलं. त्यांनी 'नाही' म्हटलेलं नाही, याची नोंद घेतली आहे.

मामांनाही फोन केला होता. गावी शेतात होते, मोटरच्या स्टार्टरचं काहीतरी चाललं होतं. म्हणाले, तासाला आठवड्यातून एकदा यायला जमेल, एसटीचं भाडं तेवढं द्या. आणि चार बिघाड आत्ताच लिहून घे म्हणाले. ते चार कोणते हे अर्थातच इथे छापणार नाही.

अर्ज लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये फळ्याशेजारी आणि बॉईज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये ठेवला आहे. काल रात्रीपर्यंत ६३ सह्या झाल्या होत्या. शनिवारी तो एचओडींच्या केबिनमध्ये जाईल. येताना पेन आपापलं आणावं. आम्ही बांधून ठेवलेलं पेन पहिल्याच दिवशी दोऱ्यासकट गेलं.